उद्योगांचा सहभाग : विद्यापीठीय संशोधन केंद्राकडे तो कसा येतो व कशाने टिकतो (पांढुर्णा-सौंसर परिसराच्या संदर्भात एक अभ्यास)

भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत सौंसरचे नाव फार पूर्वीच नोंदले गेले आहे. छिंदवाड्याकडून नागपूर, भंडारा व बालाघाटपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर पसरलेल्या मँगनीजधारी खडकांच्या समूहाला शास्त्रज्ञ ‘सौंसर समूह’ म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे एल. एल. फर्मोर यांनी १९०९ साली भारतातील मँगनीजवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात काचीढाणा, गोवारी वाढोणा, सीतापार ही इकडची गावे येतात. सीतापारच्या खाणीत आढळलेल्या एका खनिजाला तर त्यांनी ‘सीतापाराइट’ असे नाव दिले होते. ते बिक्सबाइट या आधीच ज्ञात असलेल्या खनिजाहून वेगळे नाही असे पुढे ठरले आणि आपल्या मुलखाला मिळालेला तो मान गेला.

याच खडकांच्या पट्ट्यात मँगनीजच्या खाणी चालविणारे कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपल्या मृत्युपत्रात नागपूर विद्यापीठासाठी सुमारे ३५ लाख रुपयांची तरतूद केली. उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्र यांचे शिक्षण मिळावे हा तिचा हेतू होता. त्यातून १९४२ साली नागपूर येथे लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. तेल, रंग, अन्नप्रक्रिया अशा विषयांत तयार झालेले तिचे पदवीधर देशभरच्या कारखान्यांत गेले. २०२३ साली या संस्थेला महाराष्ट्र शासनाच्या कायद्याने स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात पांढुर्णा व सौंसर या तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा मध्य प्रदेशात अस्तित्वात आला. त्याआधी २०१९ साली छिंदवाडा येथे नवे विद्यापीठ स्थापन झाले होते. राजा शंकर शाह विद्यापीठ हे त्याचे आजचे नाव. नवा जिल्हा आणि नवे विद्यापीठ अशी ही जोडी झाल्यामुळे संशोधन केंद्रे काढावीत, त्यांत उद्योगांचा सहभाग घ्यावा, असा विचार पुढे येणे स्वाभाविक आहे. अशा केंद्रासाठी उद्योगांना जोडून घेण्याचे आणि जोडलेले टिकविण्याचे काम कसे चालते, याचे काही जुने-नवे दाखले येथे पाहावयाचे आहेत.

दाता आणि सहभागी

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. लक्ष्मीनारायण हे दाते होते. दाता एकदा देतो, आणि त्याच्या देण्यामागे परताव्याची अपेक्षा नसते. सहभागी उद्योगाचे तसे नाही. तो दरवर्षी देतो आणि दरवर्षी हिशेब विचारतो. ‘गेल्या वर्षी आपण दिलेल्या रकमेतून आमच्या कारखान्याला काय मिळाले?’ हा प्रश्न त्याच्या कार्यालयात कोणीतरी विचारतोच, आणि त्याला उत्तर देणारा माणूस त्याच कार्यालयात सापडला नाही तर पुढील वर्षीची वर्गणी येत नाही. उद्योगाकडे दात्याच्या नजरेने पाहणारे विद्यापीठ पहिल्या वर्षी सत्कार करते आणि तिसऱ्या वर्षी निधीअभावी केंद्राला कुलूप लावते, असे अनेक ठिकाणी घडलेले आहे.

हा भेद कायद्यानेही मान्य केलेला आहे. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक उत्तरदायित्वासाठी खर्च करावे लागतात, आणि सार्वजनिक विद्यापीठांतील संशोधनाला दिलेली देणगीही त्यात धरता येते. परंतु कंपनीच्या नित्याच्या व्यवसायाच्या लाभासाठी केलेला खर्च त्यात बसत नाही. म्हणजे या मार्गाने आलेला पैसा हा दानाचाच पैसा आहे. त्याच्या बदल्यात कंपनीच्या यंत्रातील दोष शोधून देण्याचे आश्वासन विद्यापीठाने देऊ नये. सहभागाचा पैसा निराळ्या करारानेच घ्यावा. दोन्ही रकमा एकाच खात्यात जमा करून ठेवल्या तर पुढे लेखापरीक्षणाच्या वेळी दोन्ही बाजूंची अडचण होते.

गाठीमागे आणे, टनामागे रुपये

आपल्याकडे उद्योगाने संशोधनाचा खर्च नियमितपणे उचलण्याची पद्धत नवी नाही. १९२३ साली कापसावरील उपकराचा कायदा झाला. त्यानुसार रुईच्या प्रत्येक गाठीमागे काही आणे गोळा होत आणि ती रक्कम भारतीय मध्यवर्ती कापूस समितीकडे जाई. याच समितीने १९२४ साली मुंबईत माटुंगा येथे तंत्रविषयक प्रयोगशाळा काढली. आजची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था ती हीच. या संस्थेचे जिनिंगविषयक प्रशिक्षण केंद्र नागपूरला आहे. सौंसर-पांढुर्णा भागात पिकलेल्या कापसाच्या गाठीवरही तो उपकर बसत असणार, पण तो भरणाऱ्या शेतकऱ्याला वा व्यापाऱ्याला त्या प्रयोगशाळेचे नावही क्वचितच ठाऊक असे. पैसा नियमित आला, नाते मात्र जुळले नाही. सक्तीच्या वसुलीची ही मर्यादा होय.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रातील साखर उद्योगाचे आहे. पुण्याजवळ मांजरी येथे १९७५ साली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट या नावाने सुरू झालेली संस्था १९८९ नंतर वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली. सहकारी साखर कारखाने तिचे सभासद आहेत आणि गाळलेल्या उसाच्या दर टनामागे ठरलेली रक्कम देऊन ते तिचा खर्च भागवितात. या व्यवस्थेतील शहाणपण बारकाईने पाहण्यासारखे आहे. ज्या वर्षी ऊस कमी त्या वर्षी वर्गणीही आपोआप कमी, त्यामुळे दुष्काळी वर्षात सभासदत्व सोडण्याची पाळी येत नाही. लहान कारखान्यावर लहान बोजा आणि मोठ्यावर मोठा. आणि संस्था देते काय? उसाचे नवे वाण, बेणे, माती-पाण्याची तपासणी, कारखान्यातील उतारा का घटला याचा तांत्रिक अहवाल, कामगारांना व अभियंत्यांना प्रशिक्षण. यांपैकी दीर्घ मुदतीचे संशोधन म्हणता येईल असा भाग थोडा, आणि हंगाम चालू असताना लागणारी सेवा पुष्कळ. नव्या वाणाला दहा-बारा वर्षे लागतात. तेवढा काळ कारखानदार केवळ श्रद्धेवर थांबत नाही. तपासणीचा अहवाल आठ दिवसांत हाती पडतो म्हणून तो थांबतो.

मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रशास्त्र विभागाचा दाखला याला थोडा निराळा पैलू जोडतो. १ ऑक्टोबर १९३३ रोजी हा विभाग निघाला, तेव्हा त्याच्या पहिल्या अभ्यासक्रमांत कापडाचे रसायनशास्त्र होते. कारण रंगाई-धुलाई जाणणारी माणसे मुंबईच्या गिरण्यांना हवी होती. पुढे प्रा. मनमोहन शर्मा यांच्यासारख्या प्राध्यापकांनी रासायनिक कारखान्यांना सल्ला देणे हे अध्यापनाइतकेच महत्त्वाचे मानले. कारखान्याचा प्रश्न वर्गात आला, वर्गातील विद्यार्थी कारखान्यात गेला आणि वीस वर्षांनी तोच विद्यार्थी कारखान्याचा प्रमुख होऊन आपल्या विभागाकडे प्रश्न घेऊन परतला. २००८ साली हा विभाग स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झाला. उद्योगांशी त्याचे नाते कशाने टिकले असे विचारल्यास करारांपेक्षा या माजी विद्यार्थ्यांकडे बोट दाखवावे लागेल. अर्थात नव्या विद्यापीठाला हा मार्ग लगेच उपलब्ध नसतो. त्याला एक पिढी जावी लागते.

अमेरिकेतील एक प्रयोग

या विषयाचा जाणीवपूर्वक प्रयोग करून पाहण्याचे श्रेय अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे जाते. १९७३ च्या सुमारास या संस्थेने तीन निरनिराळी केंद्रे सुरू करून दिली. पहिली काही वर्षे सरकारने पैसा द्यावा, तो क्रमाक्रमाने कमी करावा आणि त्याची जागा उद्योगांच्या वर्गणीने घ्यावी, अशी योजना होती. तिघांपैकी दोन केंद्रे टिकली नाहीत. त्यांपैकी एक उत्तर कॅरोलिनातील विद्यापीठात लाकडी सामानाच्या उद्योगासाठी होते. तेथे कारखाने पुष्कळ होते, जवळ होते, विद्यापीठही नामांकित होते; परंतु संशोधनावर पैसा खर्च करण्याची त्या धंद्याला सवय नव्हती. तिसरे केंद्र मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत, प्लास्टिकसारख्या बहुवारिक पदार्थांवरील प्रक्रियांसाठी होते. ते सरकारी मदत संपल्यावरही स्वतःच्या पायांवर उभे राहिले आणि १९८० नंतर त्याच्याच धर्तीवर देशभर अनेक विद्यापीठीय केंद्रे निघाली.

या केंद्रांची काम करण्याची रीत आपल्याकडे फारशी ठाऊक नाही, म्हणून थोड्या विस्ताराने सांगतो. सभासद उद्योगांचे एक सल्लागार मंडळ असते. साधारणपणे वर्षातून दोनदा ते विद्यापीठात जमते. संशोधक व विद्यार्थी आपापल्या प्रकल्पांची माहिती देतात, आणि प्रत्येक प्रकल्पानंतर सभासद एक लहानसा कागद भरतात. या प्रकल्पात आम्हांला फार रस आहे, रस आहे, अमुक बदल केल्यास रस वाटेल, रस नाही, यांपैकी एकावर खूण करावयाची आणि खाली दोन ओळींत कारण लिहावयाचे. दुसऱ्या दिवशी हे अभिप्राय सर्वांसमोर वाचले जातात आणि प्राध्यापकांना तेथल्या तेथे उत्तर द्यावे लागते. प्राध्यापकाला हा प्रसंग सुखाचा नसतो. परंतु ज्या उद्योजकाच्या कागदावरील ‘रस नाही’ हे शब्द मोठ्याने वाचले गेले आणि त्यावर प्रकल्प बदलला गेला, तो उद्योजक पुढच्या बैठकीला हमखास येतो. याशिवाय प्रत्येक केंद्रावर एक स्वतंत्र मूल्यमापक नेमलेला असतो. सभासदत्व सोडून जाणाऱ्या कंपनीला भेटून ‘आपण का चाललात?’ असे विचारणे हे त्याचे एक काम. आपल्याकडे नवा सभासद आला की वर्तमानपत्रात बातमी येते, जुना गेला की फाईल बंद होते. त्या बंद फाईलीतच सर्वांत उपयुक्त माहिती असते.

आपल्या परिसरात कोणाकडे जावे?

सौंसर तालुक्यातील बोरगाव येथे औद्योगिक विकास केंद्र आहे आणि रेमंडचा मोठा कापड कारखाना १९९१ पासून तेथे आहे. एवढे मोठे नाव हाताशी असले की पहिले निवेदन त्याच दारी नेण्याचा मोह होतो. त्यात गैर काही नाही, परंतु मोठ्या कंपनीचे संशोधनविषयक निर्णय सामान्यतः स्थानिक कारखान्यात होत नाहीत, मुख्य कार्यालयात होतात. स्थानिक व्यवस्थापकाच्या अधिकारात जे असते ते लहान असते: रंगाईच्या पाण्याची तपासणी, सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचे मापन, चार विद्यार्थ्यांना सहा महिने कामावर घेणे. तेच आधी मागावे. छोट्या कामाचा अहवाल वेळेवर गेला तर मुख्य कार्यालयाकडे शिफारस करण्यास व्यवस्थापकाजवळ काहीतरी असते.

या मुलखाचा खरा उद्योग मात्र संत्रा हाच आहे, आणि तो बागाईतदार, पन्हेरीवाले, व्यापारी, फळांना मेणाचा लेप देऊन प्रतवारी करणारे, खोकी व क्रेट पुरविणारे अशा शेकडो हातांत विखुरलेला आहे. उत्तर कॅरोलिनातील लाकडी सामानाच्या धंद्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. कारखाने लहान, संशोधनावर खर्च करण्याची सवय नाही, आणि एकाने पैसा दिला तर शोधाचा लाभ शेजाऱ्याला फुकट मिळणार ही भीती. अशा धंद्यात एकेकट्याला सभासद करून घेण्याचा प्रयत्न सहसा यशस्वी होत नाही. शेतकरी उत्पादक कंपन्या, व्यापाऱ्यांचे संघ, बाजार समित्या यांना समूहाने सभासद करावे आणि वर्गणी साखर कारखान्यांच्या धर्तीवर मालाच्या प्रमाणात, म्हणजे क्रेटमागे वा टनामागे ठरवावी, हाच मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो.

आता प्रश्न कोणते घ्यावेत? एक उदाहरण सविस्तर पाहू. नागपुरी संत्र्याचा ताजा रस गोड लागतो, परंतु तो काढून ठेवला किंवा तापविला की काही वेळाने कडवट होतो. फळाच्या पेशींत असलेले एक चव नसलेले द्रव्य रसातील आम्लाच्या सान्निध्यात लिमोनीन या कडू द्रव्यात पालटते, हे त्याचे कारण. झाडावर असताना जे गोड, ते बाटलीत कडू. संत्र्याच्या रसाचे कारखाने आपल्या भागात अपेक्षेइतके का वाढले नाहीत याची अनेक कारणे आहेत, पण हे त्यांतील एक महत्त्वाचे आहे. बारीक फळाला, ज्याला बागाईतदार ‘चुरी’ म्हणतात, बाजारात भाव नसतो, आणि नेमके तेच फळ प्रक्रियेला जावयास हवे. कडवटपणा काढण्याच्या पद्धती जगात उपलब्ध आहेत. विशिष्ट राळेच्या थरातून रस गाळून तो कमी करता येतो. प्रश्न आपल्या फळाला, आपल्या बहाराला आणि लहान कारखान्याला परवडेल अशा खर्चात ते बसविण्याचा आहे. सालीतील सुगंधी तेल आणि पेक्टिन हे याच कामाचे उपउत्पन्न. विद्यापीठातील रसायनशास्त्राचा एक विभाग, नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था आणि पाच-सहा प्रक्रिया उद्योजक एवढ्यांनी मिळून हाताळावा असा हा प्रश्न आहे.

डिंक्या रोग, फळगळ, रोगमुक्त कलमा यांवर मात्र नव्या विद्यापीठाने पहिल्यापासून सुरुवात करू नये. १९८५ साली नागपूरला लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून स्थापन झालेली संस्था त्यावर काम करीत आली आहे. काटोल येथे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. छिंदवाड्यात जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. राज्याची सीमा जाम नदीच्या खोऱ्यातील मातीला ठाऊक नाही, आणि संत्र्याच्या रोगालाही. दोन राज्यांतील संस्थांचा संयुक्त करार करावयाचा म्हटला म्हणजे कागदपत्रांची लांबड होते हे खरे. तरी एकाच बागेवरील एकाच रोगाचा अभ्यास दोनदा करण्यापेक्षा ती लांबड पत्करावी.

वेळापत्रकाची बाब

सहभागी उद्योग कशामुळे निघून जातात? निष्फळ ठरलेल्या संशोधनामुळे असे बहुतेकांना वाटते. परंतु प्रयोग फसू शकतो हे धंदा करणाऱ्याला समजते. त्याच्याही धंद्यात चार गोष्टी फसतात. उशीर आणि मौन मात्र त्याला सहन होत नाही. विद्यापीठाचे वर्ष जुलैत सुरू होते आणि परीक्षांनी संपते. संत्र्याचे वर्ष निराळे आहे. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघते. मृग बहार पावसाच्या प्रारंभी फुलतो आणि त्याचे फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडले जाते. प्रयोगासाठी लागणारा साठवणीचा सुटा माल याच दिवसांत मिळतो. यंत्राच्या खरेदीची निविदा नोव्हेंबरात मंजूर झाली आणि यंत्र एप्रिलमध्ये आले तर तोवर दोन्ही बहार गेलेले असतात आणि उद्योजकाचे एक संपूर्ण वर्ष वाया जाते. म्हणून करार करतानाच प्रयोगाच्या तारखा बहारावरून मोजाव्यात. जिनिंगवाल्यांच्या बाबतीत रेचे चालू असण्याचे महिने धरावे लागतील. हंगाम संपल्यावर गेलेल्या संशोधकाला बंद रेच्याखेरीज पाहण्यासारखे काही नसते.

मौनाचे कारण बहुधा साधे असते. प्रकल्पाचे प्रमुख प्राध्यापक बदलून जातात किंवा संशोधक विद्यार्थी नोकरी लागल्यामुळे मध्येच सोडतो, आणि उद्योजकाचा दूरध्वनी कोणी घ्यावयाचा हे ठरलेले नसते. यावर उपाय खर्चिक नाही. केंद्रात एक व्यक्ती अशी असावी की जिचे काम केवळ सभासदांशी संपर्क ठेवणे हेच असेल. तिने दर महिन्यास प्रत्येक सभासदास चार ओळींचे पत्र पाठवावे, ‘या महिन्यात काही प्रगती झाली नाही’ एवढेच लिहावयाचे असले तरी. ही व्यक्ती मराठी व हिंदी दोन्ही सहज लिहिणारी असावी, आणि शक्य तर बागेत फिरलेली असावी. प्रसिद्धीच्या कामात असलेल्या माणसाला करारावर सह्या होतानाचे छायाचित्र हवे असते, हे मी माझ्याच व्यवसायाबद्दल सांगतो. परंतु सभासदाच्या दृष्टीने त्या छायाचित्रापेक्षा हे चार ओळींचे पत्र मोलाचे आहे.

गोपनीयतेचा मुद्दाही आधीच मिटवावा लागतो. विद्यार्थ्याला प्रबंध छापावयाचा असतो, उद्योजकाला शोध लपवून ठेवावयाचा असतो. अमेरिकेतील केंद्रांनी यावर तडजोड काढली ती अशी की छापण्यापूर्वी मजकूर सभासदांना ठरावीक दिवस वाचावयास द्यावा, एकस्व अर्ज करावयाचा असल्यास त्या मुदतीत करावा, आणि त्यानंतर प्रबंध अडवू नये. सामाईक वर्गणीतून निघालेल्या शोधाचा हक्क सर्व सभासदांना सारखा मिळावा. एखाद्याला तो एकट्यासाठी हवा असल्यास त्याने त्या प्रकल्पाचा संपूर्ण खर्च वेगळा द्यावा. हे सर्व कराराच्या दोन पानांत लिहिता येते.

नव्या केंद्राची पहिली बैठक घ्यावयाची झाल्यास ती एप्रिल महिन्यात पांढुर्ण्यातच घ्यावी असे सुचवावेसे वाटते. मृग बहाराची तोड तोवर उरकलेली असते, व्यापाऱ्यांच्या हाती हिशेब असतो, आणि आंबियाची फळे अजून सुपारीएवढी असल्यामुळे बागाईतदारांना दुपारचे दोन तास काढता येतात. प्राध्यापकांनी त्या बैठकीत बोलण्याचे काम उद्योजकांवर सोपवावे आणि आपण वही उघडून बसावे. येणाऱ्या प्रत्येकास एक कोरा कागद द्यावा व गेल्या हंगामात त्याचे सर्वांत जास्त नुकसान कशाने झाले ते किमतीसह लिहावयास सांगावे. पन्नास कागद जमले तर त्यांतून तीन प्रश्न निघतील. त्या तिघांपैकी आंबियाची तोड सुरू होण्यापूर्वी ज्याचे काही उत्तर देता येईल, तो एक प्रश्न पहिल्या वर्षासाठी घ्यावा.